किल्लीची लांबी

परवा रविवारी सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिलंच वाक्य: "मामा, १२८ घेऊ की २५६?"

मला वाटलं स्वारी नवीन मोबाईल घेतेय. म्हटलं, "फोटो फार काढत असशील तर २५६ घे बाबा, १२८ वर्षभरात भरतो."

"अरे मामा, फोन नाही रे! किल्ली, किल्ली! लॅपटॉपवर लिनक्स टाकतोय, अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायचीय. किल्ली १२८ बिटची ठेवू की २५६ ची?"

मी म्हटलं, "कुठलीही घे."

तो एकदम गप्प. मग म्हणाला, "असं कसं कुठलीही? तू स्वतः दोन अख्ख्या संध्याकाळी घालवल्या होत्यास ना यावर? आई सांगते ना सगळ्यांना."

त्याची आई म्हणजे माझी ताई. ती सगळ्यांना सांगते हे खरं आहे. आमच्या घरात या प्रकरणाला 'मामाची डिस्क' असं नाव आहे आणि लग्नकार्यात पंगत बसली की कुणीतरी ते काढतंच. दर वेळी थोडं मीठमसाला वाढतं. म्हणून म्हटलं, एकदा स्वतःच सगळं लिहून टाकावं. भाच्यालाही उत्तर मिळेल आणि तुम्हालाही कधी उपयोग होईल.

सुरुवात झाली चोरीपासून. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही सहकुटुंब बाल्टिमोरला गेलो होतो. गाडी पार्किंगच्या इमारतीत लावली, बंदरावर फिरलो, मुलांना मासे दाखवले, परत येऊन बघतो तर गाडीची मागची काच फुटलेली आणि लॅपटॉपची बॅग गायब. लॅपटॉप चार वर्षांचा, त्याचं फार दुःख नव्हतं. पण त्यात काय काय होतं हे आठवायला लागलं तसा घाम फुटला. तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, सगळ्यांच्या पासपोर्टच्या स्कॅन केलेल्या प्रती, सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेची पत्रं. लॅपटॉपला पासवर्ड होता, पण तो म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाला कडी आणि मागे परसात भिंतच नाही, असा प्रकार. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं उघडं. चोर सापडला नाही. पुढचं वर्षभर मी बँकेच्या प्रत्येक पत्राला दचकत होतो.

त्याच डिसेंबरात साताऱ्याला गेलो. आई तेव्हा ७१ वर्षांची. या खेपेला एक ठरवून गेलो होतो, आईच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. छोटा रेकॉर्डर घेऊन चार संध्याकाळी स्वयंपाकघरात बसलो. ती भाजी निवडत बोलायची, मी फक्त "मग?" म्हणायचो. लग्न होऊन पाटणला आली तेव्हा बाबा तिथे शाळेत मास्तर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा अंधारात आधी काय उचललं, पुढचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत अंगणात कसे झोपले, कुणाच्या घरून भाकरी आली, हे सगळं तिने मला कधीच एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं. कदाचित मी कधी विचारलंच नव्हतं.

मेरीलँडला परत आल्यावर ते रेकॉर्डिंग, घराचे कागद, सगळे स्कॅन, असं एका नव्या एक्स्टर्नल डिस्कवर टाकायचं ठरवलं. आणि या वेळी पक्कं कुलूप लावून! ताकाने तोंड पोळल्यावर माणूस पाणीही फुंकून पितो. (म्हण उलटी झाली, पण माझी अवस्था तशीच होती.)

आता कुलूप म्हटलं की किल्ली आली, आणि इथे पहिला प्रश्न: किल्ली किती लांब?

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकाची किल्ली म्हणजे शून्य आणि एक यांची एक माळ. एका बिटची किल्ली असेल तर दोनच शक्यता. दोन बिट, चार शक्यता. प्रत्येक बिट वाढला की दुप्पट. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि शेवटी राजाची कोठारं रिकामी होतात. त्या पटाला ६४ घरं. म्हणजे ६४ बिटच्या किल्लीच्या शक्यता म्हणजे त्या पटावरचे सगळे दाणे (एक दाणा कमी-जास्त). १२८ बिट म्हणजे एका पटापुढे दुसरा पट ठेवायचा आणि दुप्पट करणं थांबवायचं नाही.

मी राहतो त्या गेदर्सबर्ग गावाचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. हायवे २७० वरून जाताना एका बाजूला मोठं हिरवं आवार दिसतं, आत निवांत हरणं चरत असतात. ते निस्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी. किलो म्हणजे किती, सेकंद म्हणजे किती, अशी मापं सांभाळणारी ही सरकारी संस्था. अमेरिकन सरकारच्या कुलपांची मापंही हीच ठरवते. १९७७ मध्ये या संस्थेने (तेव्हा तिचं नाव वेगळं होतं) डीईएस नावाचं कुलूप प्रमाण म्हणून जाहीर केलं. किल्ली ५६ बिटची. त्याच वर्षी डिफी आणि हेलमन या दोन शास्त्रज्ञांनी ही किल्ली आखूड आहे म्हणून आवाज उठवला. त्यांचा हिशोब असा की २ कोटी डॉलर खर्चून मशीन बांधलं तर दिवसभरात सगळ्या किल्ल्या लावून बघता येतील. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. १९९८ च्या जुलैत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरच्या आत असं मशीन खरंच बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. पुढच्या जानेवारीत, इंटरनेटवरच्या हजारो संगणकांची मदत घेऊन, २२ तास १५ मिनिटांत.

तोपर्यंत निस्टने नव्या कुलपासाठी जगभरातून अर्ज मागवले होते. १५ अर्ज आले, ५ शेवटच्या फेरीत गेले आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये दोन बेल्जियन तरुणांचं कुलूप निवडलं गेलं. अमेरिकन सरकारचं कुलूप बेल्जियमचं! तेच एईएस. किल्लीचे तीन आकार, १२८, १९२ आणि २५६ बिट. आज तुमच्या मोबाईलपासून बँकेपर्यंत सगळीकडे हेच आहे.

तर २०१७ च्या जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, मी तळघरात बसून १२८ की २५६ यावर वाचायला लागलो.

पहिल्या संध्याकाळी १२८ चा हिशोब केला. समजा सेकंदाला १०० कोटी किल्ल्या तपासणारं एक मशीन आहे, आणि अशी १०० कोटी मशीनं एकदम कामाला लावली. तरी सगळ्या किल्ल्या तपासायला सुमारे १० लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या वयाच्या जवळजवळ ७८० पट. माझे टॅक्स रिटर्न वाचायला इतका वेळ कोण थांबणार? त्यात आमची मिळकत बघून त्याची निराशाच होणार.

मग २५६ कशाला? एक कारण क्वांटम संगणक. ग्रोव्हर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दाखवलं की असा संगणक पुरेसा मोठा झाला तर किल्ली शोधण्याचं काम निम्म्या बिटांवर येतं. १२८ चे ६४, २५६ चे १२८. कागदावर हे भीतीदायक दिसतं, प्रत्यक्षात ते ६४ बिटचं काम एकामागून एक करावं लागतं, वाटून घेता येत नाही, म्हणून अजून तरी १२८ ला धोका मानत नाहीत. पण अमेरिकन सरकार आपल्या सर्वोच्च गुपितांसाठी २५६ वापरतं, आणि इंजिनिअरला हे एकदा कळलं की त्यालाही सर्वोच्चच हवं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी भलतंच हाती लागलं. २००९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी २५६ च्या कुलपात एक फट दाखवली, जी १२८ मध्ये नव्हती! ब्रूस श्नायरसारख्या जाणकाराने तेव्हा चक्क लिहिलं होतं की नव्या कामाला २५६ वापरू नका, १२८ पुरे. झालं! माझी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रात्री दीडपर्यंत वाचून कळलं की ती फट एका विशिष्ट परिस्थितीतली आहे. एकमेकींशी नातं असलेल्या अनेक किल्ल्यांनी बंद केलेला मजकूर हल्लेखोराच्या हाती लागावा लागतो. डिस्कची किल्ली मशीन यादृच्छिक बनवतं, एकच बनवतं, तिला बहिणी-भावंडं नसतात. म्हणजे मला काही फरक नाही.

शेवटी वेगाचा मुद्दा. १२८ ला मजकूर दहा वेळा घुसळला जातो, २५६ ला चौदा वेळा. जुन्या मशीनवर हा फरक जाणवायचा. पण २०१० पासून प्रोसेसरमध्येच या कामाच्या सूचना यायला लागल्या, आणि माझी फिरती यूएसबी डिस्क इतकी संथ की प्रोसेसर जांभया देत बसणार. म्हणून २५६.

आणि कमांड द्यायला गेलो तर तिथे आकडा ५१२! भाच्याचाही परवा इथेच गोंधळ झाला. त्यात काही जादू नाही. डिस्कसाठी एईएस ज्या पद्धतीने वापरतात तिचं नाव एक्सटीएस, आणि तिला दोन किल्ल्या लागतात. एक मजकुरासाठी, दुसरी डिस्कवरची जागा मिसळण्यासाठी, म्हणजे एकच मजकूर दोन ठिकाणी असला तरी वेगवेगळा दिसावा. २५६ अधिक २५६ मिळून ५१२. तसंच तिथे २५६ दिसलं तर समजायचं की खरं कुलूप १२८ चं आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दोन संध्याकाळी, एक आकडा. मी विजयी मुद्रेने वर आलो. बायको म्हणाली, "झालं का? मग आता पासवर्ड काय ठेवलास?"

आणि इथे मंडळी, खरा विषय सुरू होतो.

ती ५१२ बिटची माळ कुणाच्या बापाला पाठ होणार? ती मशीन बनवतं आणि डिस्कच्याच सुरुवातीला एका छोट्या भागात बंद करून ठेवतं. त्या भागाला हेडर म्हणतात. तो उघडायचा परवलीच्या शब्दाने. म्हणजे परवलीचा शब्द ही किल्लीची किल्ली. चोर काही विश्वाच्या वयाच्या ७८० पट थांबत नाही, तो परवलीचा शब्द ओळखायला बघतो. समजा मी घरातल्या कुणाचं नाव आणि जन्मसाल ठेवलं. दहा हजार नावं, शंभर सालं, दहा लाख शक्यता. लिनक्सचं लक्स नावाचं हे कुलूप मुद्दाम सावकाश उघडतं, माझ्या मशीनवर एका प्रयत्नाला दोन सेकंद. तरी दहा लाख प्रयत्न २३ दिवसांत संपतात. २५६ बिटच्या पोलादी दरवाजाला सुतळीची गाठ!

मला आधी वाटलं भीमरूपीतली एखादी ओळ घ्यावी. आईला भीमरूपी पाठ, मनाचे २०५ श्लोक पाठ, आणि लहानपणी संध्याकाळी म्हणवून घेतल्यामुळे मलाही अर्धेअधिक पाठ. पण जे हजारो घरांत रोज म्हटलं जातं ते गुपित कसलं? छापील मजकूर यादीत घालायला मशीनला किती वेळ लागतो?

मग फाशांची पद्धत सापडली. ७,७७६ इंग्रजी शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यायची. फासा पाच वेळा टाकायचा, जो आकडा येईल तो शब्द. सहाचा पाचवा घात ७,७७६, म्हणून शब्द तेवढे. एका शब्दाचे जेमतेम १३ बिट. मुलांच्या सापशिडीतला फासा आणला, तीस वेळा टाकला, सहा शब्द मिळाले. सहा शब्दांचे मिळून सुमारे ७७ बिट.

लक्षात आलं का? कुलूप २५६ चं, पण माझा दरवाजा ७७ चा. १२८ शी बरोबरी करायला दहा शब्द हवे होते, २५६ शी करायला वीस. म्हणजे ज्या प्रश्नावर मी दोन रात्री घालवल्या त्याने काहीही फरक पडणार नव्हता. आणि ७७ सुद्धा माझ्या टॅक्स रिटर्नसाठी भरपूर होते.

सहा शब्द आठवडाभर घोकले. पाठ झाल्यावर कागद स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर जाळला. धुराचा अलार्म कोकलायला लागला, मुलं खाली धावत आली, बायकोने खिडक्या उघडल्या, बाहेर उणे आठ तापमान. ताईच्या गोष्टीत इथे अग्निशामक दलही येतं. ते खोटं आहे. पण रेकॉर्डर पुसला आणि लॅपटॉपवरची तात्पुरती प्रतही पुन्हा पुन्हा खोडून नाहीशी केली, हे मात्र खरं. चोरीचा धसका!

त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं, तुझं सगळं बोलणं आता कुलूपबंद आहे.

"बरं केलंस. किल्ली कुणाकडे दिलीस?"

"कुणाकडेच नाही. डोक्यात आहे."

"डोक्यात? अरे, डोक्यात किल्ली ठेवतात का कुणी? तुला दूध गॅसवर ठेवलेलं लक्षात राहत नाही."

मी हसलो. तिला काय कळणार, असंच मनात होतं, खोटं कशाला बोलू? आईच्या गोदरेजच्या कपाटाला तीन किल्ल्या होत्या. एक तिच्या कमरेला, एक तांदळाच्या डब्यात तळाशी, एक ताईकडे. आम्ही तिला चिडवायचो की चोराला भात करायची हौस असली तर संपलंच. पण त्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून कधी काही अडल्याचं मला आठवत नाही.

आई गेली २०१९ च्या जूनमध्ये. झोपेतच. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर परत आलो. जुलैतल्या एका रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, तळघरात जाऊन डिस्क जोडली. मला फक्त तिचा आवाज ऐकायचा होता.

परवलीचं वाक्य विचारलं गेलं आणि मी बोटं की-बोर्डवर ठेवून बसून राहिलो. अडीच वर्षांत ती डिस्क मी तीनदा उघडली असेन, सगळं पहिल्या काही महिन्यांत. पाच शब्द आठवले. सहावा नाही. आणि पाचांचा क्रमही नक्की सांगता येईना. त्या रात्री मी पन्नास-साठ वेळा प्रयत्न केले. दर वेळी दोन सेकंद थांबायचं आणि 'या परवलीची किल्ली नाही' असं उत्तर. ती दोन सेकंदं मी चोरासाठी ठेवली होती. आता चोर मीच होतो.

पहाटे चारच्या सुमारास रडून झाल्यावर कागद घेतला. इंजिनिअरला दुसरं काय येतं?

एक शब्द माहीत नाही, त्याच्या ७,७७६ शक्यता. सहा शब्दांचे क्रम ७२०. गुणाकार ५५,९८,७२०. प्रत्येकी दोन सेकंद म्हणजे सुमारे १३० दिवस. माझ्या मशीनला चार कोर, चौघांना वाटून दिलं तर साडेबत्तीस दिवस. जास्तीत जास्त. मी तो आकडा तीनदा तपासला. हे होण्यासारखं होतं!

मग सहज, दोन शब्द विसरलो असतो तर काय, हेही मांडून बघितलं. चार कोरांना ३४५ वर्षं. २०१९ मधून ३४५ वजा करा. १६७४. म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या वर्षी काम सुरू केलं असतं तर आत्ता कुठे उरकलं असतं. एका शब्दाचा फरक! बत्तीस दिवस आणि रायगड यांच्यामध्ये फक्त एक शब्द होता.

या सगळ्या गणितात १२८ किंवा २५६ हा आकडा एकदाही येत नाही, हे बघा. चोराच्या बाजूनेही नाही आणि माझ्या बाजूनेही नाही.

आधी हेडरची एक प्रत काढली, कारण तो भाग बिघडला तर सहाच्या सहा शब्द आठवूनही उपयोग नाही. मग छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि मशीन चालू ठेवलं. तळघरात रात्रंदिवस पंखा घोंगावत होता. मुलं विचारायची, आज कुठवर आलं? बायकोने त्यावर कपडे वाळत घालायचं सोडून दिलं, एवढाच काय तो बदल. मी वरवर निर्धास्त, पण मनात एकच धास्ती. जे पाच शब्द बरोबर वाटतायत त्यातला एखादा चुकीचा असला तर? मग आपण रायगडावर आहोत आणि आपल्याला ते कळणारही नाही.

एकविसाव्या दिवशी ऑफिसमधून आलो तर पंखा बंद. पडद्यावर सहा शब्द. हरवलेला शब्द कुठला होता सांगू? (आता तो वापरात नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.) अंब्रेला. छत्री! शाळेत असताना दर पावसाळ्यात मी एक तरी छत्री कुठेतरी विसरून यायचो आणि आईची बोलणी खायचो. साताऱ्याचा पाऊस, आणि हा गाढव भिजत दारात उभा.

पहिली फाईल लावली. आधी कुकरची शिट्टी. मग आई: "चालू झालं का ते? थांब, आधी गॅस बारीक करते."

मी पुढचं काही त्या रात्री ऐकलं नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा लावलं.

तर भाचेबुवा, तुला मी 'कुठलीही घे' म्हटलं ते टाळायला नाही. २५६ घे. तुझ्या नव्या मशीनला त्याचा भार नाही आणि निर्णयाला एक मिनिटही लागत नाही. संध्याकाळ घालवायचीच असेल तर पुढच्या गोष्टींवर घाल. शब्द फाशांनी निवड, सहा किंवा सात. ते कागदावर लिही आणि कागद जाळू नकोस. तुझ्या लॅपटॉपचा चोर बसस्टँडवर आहे, आपल्या घरातल्या कपाटात नाही. लॅपटॉप घेऊन बाहेर पडताना नुसता झाकू नकोस, पूर्ण बंद कर. मशीन चालू असतं तोवर किल्ली मेमरीत असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या मंडळींनी मेमरीच्या चिपा थंड करून वीज गेल्यावरही त्यातून किल्ली काढून दाखवली होती. तिथेही किल्ली किती लांब होती याला महत्त्व नव्हतं. हेडरची प्रत वेगळी ठेव. आणि आवडीच्या, परत न मिळणाऱ्या गोष्टींची दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेव.

अजून एक. या कुलपाला एकापेक्षा जास्त परवल्या लावता येतात. जुन्या लक्समध्ये आठ, नव्यात त्याहून जास्त. मला हे २०१७ मध्येही माहीत होतं. तेव्हा वाटलं होतं, जितक्या किल्ल्या तितके धोके. आता माझ्या डिस्कला तीन आहेत. एक माझी, एक बायकोची, आणि तिसरी एका पाकिटात, साताऱ्याला, आईच्या त्याच कपाटात, ज्याची चावी आजही तांदळाच्या डब्यात असते. दर दिवाळीला फराळ झाला की आम्ही तिन्ही किल्ल्या लावून बघतो. ताई फोनवरून शब्द वाचते, मी टाइप करतो, आणि लगेच तिला नवे शब्द देऊन पाकीट बदलायला लावतो, कारण फोनवर वाचलेलं गुपित ते गुपित नव्हे. तिला हा सगळा पोरखेळ वाटतो, पण ती करते. त्यानंतर आम्ही सगळे मिळून भूकंपाची गोष्ट ऐकतो.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक आहे मामा. पण मी इथे आत्ता काय टाइप करू?"

म्हटलं, "५१२ टाइप कर. आणि पाकीट तुझ्या आईकडे दे."